सोळा ओळींचा खिळा

लोकलमध्ये उभ्याने वाचायचं तर एक हात कडीला जातो. उरलेल्या हाताने पेपरची आठपदरी घडी घालून, शेजाऱ्याच्या नाकाला न लागता अग्रलेख पुरा करणारे लोक मी ठाणे ते सीएसटी रोज पाहत होतो. मला ते कधीच साधलं नाही. २००२ मध्ये एका सहकाऱ्याने वापरून कंटाळलेला पाम एम१०५ मला विकला, तो मी घेतला या कडीच्या हिशोबानेच. एका हातात मावतो, अंगठ्याने पान उलटतं.

पाम म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. खिशात राहणारी विजेरी डायरी. भेटी, पत्ते, कामांची यादी, टिपणं. खाली चार बटणं, चार कामं. पडदा १६० बाय १६० टिंबांचा, प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा, मेमरी ८ एमबी. दोन बारीक सेलांवर आठवडेच्या आठवडे चालायचा. १९९६ मधल्या पहिल्या मॉडेलात तर सगळी मिळून १२८ केबी जागा होती. त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स यंत्र बनण्याआधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडायचा आणि त्यावर लिहिल्याचं सोंग करायचा. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. मला ती सुताराची गोष्ट वाटते: माप आधी हाताला कळू दे, कागदावर मग.

खरी मजा त्या चार बटणांच्या बाहेर होती. जगभरचे लोक पामसाठी छोटे प्रोग्राम लिहीत आणि पामगिअरसारख्या साइटवर ठेवत. त्यातले कितीतरी फुकट. एकेक वीस-तीस केबीचा, म्हणजे एका फ्लॉपीत चाळीसेक सहज. नौपाड्यातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी फ्लॉपी भरून आणायचो आणि रात्री एकेक चढवून बघायचो. बरेचसे सकाळपर्यंत काढून टाकलेले असत. राहिले ते फार उपयोगी ठरले. प्लकर हा वेबची पानं गोळा करून पामवर ठेवायचा, मग नेट नसताना ती गाडीत वाचता यायची. एक्स-मास्टर हा पामच्या स्वभावाला मुरड घालणाऱ्या 'हॅक'ना सांभाळायचा. पुस्तकं मेमोवेअरवर किंवा प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्ये मिळत. सगळं इंग्रजी. सहा महिन्यांत मी जितकं जुनं इंग्रजी वाङ्मय वाचलं तितकं कॉलेजात वाचलं नव्हतं, आणि मग एका संध्याकाळी कुर्ल्याजवळ गाडी थांबलेली असताना वाटलं, यात मराठी का नाही?

नव्हतीच. पामला युनिकोड ठाऊक नव्हता. एका अक्षराला एक बाइट, २५६ खणांत काय बसवाल ते बसवा. शिवाय प्रोग्राम लिहायची अधिकृत साधनं विकतची आणि माझ्या पगाराला न झेपणारी.

पण दुसरा रस्ता होता. पीआरसी-टूल्स नावाचा संच जीसीसी या मुक्त कंपायलरवर उभा होता. बटणं, खिडक्या, फॉन्ट बांधायला पिलआरसी. लिनक्सवरून पामशी बोलायला पायलट-लिंक. आणि तपासायला पोझ, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा हुबेहूब पाम. या पोझची कुळकथा मला फार आवडते. मुळात तो ग्रेग ह्यूगिल नावाच्या प्रोग्रामरने लिहिलेला कोपायलट. त्याने प्रोसेसरची नक्कल करणारा गाभा घेतला यूएईमधून, आणि यूएई ही अमिगा या वेगळ्याच घरगुती संगणकाची नक्कल. दोन्ही यंत्रांचा प्रोसेसर मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातला, म्हणून ते जमलं. पुढे पाम कंपनीनेच कोपायलट हाती घेतला, वाढवला आणि सोर्ससकट वाटला. म्हणजे ज्यांनी पामसाठी लिहिलंच नव्हतं त्यांच्याही मेहनतीवर मी ठाण्यात बसून काम करत होतो. फुकट आणि मुक्त यात फरक आहे हे मला तेव्हा पुस्तकी कळलं होतं. अंगाला लागायचं होतं.

पिलआरसीत फॉन्ट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढतात. टिंब हवं तिथे #, नको तिथे आडवी रेघ. मी प्रत्येक अक्षराला सोळा ओळी दिल्या: वर चार मात्रांना, एक शिरोरेघेला, सात अंगाला, खाली चार उकारांना. इंग्रजीचा ठरावीक फॉन्ट अकरा टिंबं उंच, त्याच्या चौदा ओळी पडद्यावर मावतात. माझ्या दहाच. याहून कमी केलं की 'षट्कोन'चा 'पट्कोन' होतो. सात ओळींत 'ष'ची तिरपी रेघ घालायची तर पोट भरून जातं, आणि 'घ' आणि 'ध' यांत एका टिंबाचं अंतर उरतं. 'भ' आणि 'म' यांनी माझ्या दोन रात्री घेतल्या. 'ख' लिहिला की 'रव' दिसायचा. ऱ्हस्व वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर नीट उतरायला हवी, म्हणून तीन वेलांट्या कराव्या लागल्या: 'र'साठी अरुंद, 'प'साठी मध्यम, 'क'साठी रुंद.

फाइल छापून मी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या जुळाऱ्याकडे नेली. उभा जन्म त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवला होता. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कागद हातभर लांब धरला.

"अरे, ही तर डिग्रीची जुळणी," ते म्हणाले.

"म्हणजे काय काका?"

मग त्यांनी सांगितलं, की मुंबईच्या छापखान्यांत अक्षराचं अंग वेगळं, वरची मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा, असे तीन मजल्यांत खिळे बसवत. निर्णयसागरचं नाव काढताना त्यांचा हात नकळत कानाच्या पाळीला गेला. जावजी दादाजींचा तो छापखाना, आणि त्याचे खिळे राणोजी रावजी आरूंनी कोरलेले. मी महिनाभर स्वतःला शोधक समजत होतो. मला फक्त शिसं मिळालेलं नव्हतं. बापूराव नाईकांची 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' त्यांनीच कुणाकडून तरी उसनी आणून दिली, आणि निघताना म्हणाले, "तुझी शिरोरेघ मधे तुटतेय. प्रत्येक खिळ्याच्या दोन्ही काठांपर्यंत ने. वाचणारा अक्षर वाचत नाही, रेघ धरून चालतो."

त्यांचं बरोबर होतं. रेघ काठापर्यंत नेली आणि पान एकदम मराठी दिसायला लागलं.

तीन मजल्यांची पद्धत पामवर उतरवायची म्हणजे एका अक्षरावर दुसरं छापायचं, पहिलं न पुसता. साध्या पद्धतीने छापलं तर पाम आधीची जागा पांढरी करायचा. 'की' लिहिताना 'क' गायब आणि वेलांटी तेवढी हवेत. पण ३.५ आवृत्तीपासून वरून रंगवायची सोय आली होती आणि माझ्या एम१०५वर नेमकी ती होती. जोडाक्षरं ओळखणं, वेलांटी अक्षराआधी आणणं हे काम मी पामला दिलंच नाही. ते घरच्या संगणकावर एका पर्ल स्क्रिप्टने उरकायचं आणि पामकडे फक्त 'हा खिळा, मग हा खिळा' एवढी यादी पाठवायची. छोट्या यंत्राला विचार करायला लावू नये, असं माझं मत होतं. ते अर्धंच बरोबर निघालं, त्याबद्दल पुढे.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. पामवरची पुस्तकं बहुधा 'डॉक' नावाच्या घडणीत असत. मजकुराचे ४०९६ बाइटांचे तुकडे, प्रत्येक दाबून लहान केलेला. दाबण्याची युक्ती इंग्रजीवर बेतलेली होती: कोरी जागा आणि तिच्यामागचं अक्षर मिळून एकच बाइट, आणि त्यासाठी २५६ खणांतला वरचा भाग वापरलेला. आपली अक्षरं आयएससीआयआयमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या खणांच्या वाटणीत, बसतात ती नेमकी त्याच वरच्या भागात. त्यामुळे प्रत्येक मराठी घोळक्याआधी 'पुढचे इतके बाइट जसेच्या तसे घ्या' असा एक जादा बाइट, आणि तोही जास्तीत जास्त आठांपुरता. दर आठ ओझ्यांमागे एक हमाल. माझा पहिला मजकूर दाबल्यावर जागोजागी फुगला! मग मी नेहमीचे खिळे खालच्या खणांत आणले आणि क्वचित लागणारे वर टाकले. जुळाऱ्याच्या केसमध्येही हाताशी तीच अक्षरं असतात जी जास्त लागतात. शेवटी डॉक सोडून वीझल रीडर घेतला. तो झीलिबने दाबायचा, आणि झीलिबला कोणाचं अक्षर कुठल्या खणात आहे याचं सोयरसुतक नसतं. मुख्य म्हणजे त्याचा सोर्स मिळत होता. मला त्यात फक्त अक्षर छापण्याची जागा बदलायची होती.

फक्त! त्या बदलाला दोन महिने लागले. पोझमध्ये ग्रेमलिन्स नावाचा प्रकार असतो. तो माकडासारखा तुमच्या प्रोग्रामवर हजारो वेळा वाटेल तिथे टकटक करतो. प्रत्येक माकडाला क्रमांक, आणि तोच क्रमांक पुन्हा दिला की तेच चाळे त्याच क्रमाने. त्यामुळे चूक पळून जाऊ शकत नाही. माझा प्रोग्राम पहिल्या रात्री शंभर टकटकींच्या आत मेला. शेवटच्या आठवड्यात रात्रभर टिकला. इतक्या चोख परीक्षकासाठी आज मी पैसे मोजले असते.

अपघात झाला तो वेगळाच. या पामवर सगळा मजकूर रॅममध्ये राहायचा. सेल काढल्यावर मिनिटभरात नवे घातले नाहीत तर सगळं साफ. मी ते सेल मुलुंडला, चालत्या गाडीत, उभ्याने बदलत होतो. एक सेल निसटला, घरंगळत सीटखाली गेला. तिथे कोणाच्या तरी मासळीच्या टोपलीमागे तो सापडेपर्यंत घाटकोपर आलं होतं. घरी हॉटसिंक करून, म्हणजे संगणकावर ठेवलेली प्रत पामवर चढवून, बाकी सगळं परत आलं. आदल्या रात्रीनंतर केलेली एक यादी गेली, आणि ती होती अर्ध्या 'र'ची.

मराठीला 'र्य' आणि 'ऱ्य' हे दोन्ही लागतात. नाहीतर आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात. हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये हा डोळ्याच्या पापणीसारखा 'र' बहुधा नसायचा. मी तो काढला होता. कुठल्या अक्षरांआधी लागतो याची यादी आठवून पुन्हा केली, ती अपुरी झाली, आणि तशीच मी फॉन्टच्या फाइलसकट नेटवर ठेवून दिली. वीझलचा परवाना जीपीएल होता, म्हणून सोर्स देणं भागच होतं. पर्ल स्क्रिप्ट मात्र ठेवून घेतली. चालवा, फुकट आहे, अजून काय हवं, अशी माझी वृत्ती.

वर्षभरात मोजकी पत्रं आली. त्यातलं एक काठमांडूहून. त्या माणसाला मराठीशी कर्तव्य नव्हतं. नेपाळीतही हा 'ऱ्य' येतो, त्यांचं 'गऱ्यो' त्याशिवाय लिहिता येत नाही, आणि माझ्या पापणीचं टोक एका टिंबाने खाली घसरलेलं त्याला खुपत होतं. त्याने ते दुरुस्त करून, यादी पुरी करून फाइल परत पाठवली. माझ्या पत्राला उत्तरादाखल त्याने स्क्रिप्टही मागितली. मी नम्रपणे टाळलं.

२००५ च्या पावसात घरात पाणी शिरलं, त्यात संगणक गेला. स्क्रिप्ट गेली, माझे मूळ मजकूरही गेले. उरली ती पामवरची 'हा खिळा, मग हा खिळा' अशी पुस्तकं. त्यांत शब्द शोधता येत नव्हता, की दुसऱ्या कुठल्या फॉन्टमध्ये नेता येत नव्हती. विचार पामला न देता सगळा बाहेर ठेवण्याची ही किंमत. पुढे युनिकोड सर्वत्र झाल्यावर मी उलटी स्क्रिप्ट लिहिली. वेलांटी परत अक्षरामागे नेणं हे पुढे आणण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. फॉन्टची फाइलही माझ्याकडे नव्हती. ती काठमांडूहून आली. त्याने जपून ठेवली होती, आणि मी मागितल्यावर टाळली नाही.

फुकट प्रोग्रामांचं पुढे काय झालं हे मी नंतर पाहिलं. पाम ओएस ५ आली, प्रोसेसर बदलला, जुने हॅक सगळे बंद पडले. ज्यांचा सोर्स नव्हता आणि ज्यांचे कर्ते दुसरीकडे वळले होते ते तिथेच संपले. २०१० मध्ये एचपीने पाम कंपनीच विकत घेतली. पण क्लाउडपायलट नावाची नक्कल आजही ब्राउझरमध्ये चालते, आणि ती पोझवर आधारलेली आहे. म्हणजे अमिगावाल्यांचं ऋण अजून फिटतंच आहे. इंटरनेट आर्काइव्हने २०२२ मध्ये पामचे जुने प्रोग्राम उघडून बघण्यासाठी ठेवले, तेही याच जोरावर. माझा वाचक मी परवा फोनवर चालवून पाहिला. पडदा बोटभर, शिरोरेघ अखंड.

'वाङ्मय'मधल्या 'ङ'चं टिंब अजून एका घराने उजवीकडे आहे. तेव्हा जागा नव्हती म्हणून मी ते तसंच सोडलं, आणि आता माझी नजर त्याला सरावली आहे. फाइल साध्या मजकुराची आहे, # आणि रेघ एवढंच. ज्याला हवी त्याने मागावी. टिंब सरकवलंत तर परत पाठवा.