नवी कार्ट्रिज घेऊ नका, मामा

बारामती

ती. मामांस,


तुमच्या रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज वाजू लागली, हे आधी कळवतो. दुकानदार म्हणाला, ही संपली, नवी मॅग्नेटिक बसवू. कृपा करून ते करू नका. मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्ट देते. तुमचा प्लेअर सिरॅमिक कार्ट्रिजसाठी बांधलेला आहे आणि ती त्याच्या पन्नास-शंभर पट देते. नवी बसवली तर वेगळा प्रीअँप लागेल. शिवाय तुमच्या जुन्या टोनआर्मचा ५-६ ग्रॅमचा भार त्या नाजूक सुईला पेलणार नाही.

भिंगाखाली कवच उघडलं तेव्हा दोष लगेच दिसला. सुईची दांडी आणि आतली सिरॅमिकची पातळ पट्टी यांच्यामध्ये रबराचा एक चिमुकला दुवा असतो. रेकॉर्डच्या चरातून सुई थरथरते, ती थरथर हा दुवा पट्टीपर्यंत नेतो, पट्टी वाकते आणि वाकताना वीज देते. (स्फटिकांचा हा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० सालीच दाखवून दिला होता.) पट्टी धडधाकट होती. रबर मात्र वितळून काकवीसारखं चिकट झालेलं. सुई हलायची, पण ते हलणं पुढे पोचतच नव्हतं. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दातकोरणीला गुंडाळून सगळा चिकटा काढला आणि सिलिकॉनच्या बारीक नळीचा तुकडा कापून तिथे बसवला. वरच्या पट्टीतले स्वर किंचित कडक येतात, बाकी आवाज भरदार आहे.

सिरॅमिक होती म्हणून हे जमलं. त्या काळच्या कितीतरी कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. तो हवेतली ओल ओढून घेतो, आणि ५५ अंशांच्या आसपास तर कायमचा निकामी होतो. पत्र्याखालच्या माळ्यावर आपल्याकडचा वैशाख काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून प्लेअर आता माळ्यावर ठेवू नका, खाली ओट्यालगतच्या खोलीत असू द्या.

आता सुईचं. कार्ट्रिजच्या पुढच्या छोट्या खटक्याने सुई उलटते. एका अंगाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, दुसऱ्या अंगाला एलपीची. ७८ च्या रेकॉर्डचा चर रुंद असतो, त्याला सुमारे ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीचं टोक त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ते ७८ वर लावलं तर चराच्या तळाशी घासत जातं आणि खरखरच जास्त ऐकू येते. जाडं टोक एलपीवर चाललं तर चराच्या कडाच खरवडल्या जातात, आणि तो आवाज परत येत नाही. रेकॉर्ड लावण्याआधी दर वेळी खटका बघाच.

तुमच्याकडच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्ड मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. खाँसाहेब १९३७ साली गेले. टेपरेकॉर्डर आपल्याकडे आले ते पुष्कळ नंतर. त्यांचा आवाज आपल्याला मिळतो तो अशा तीन-साडेतीन मिनिटांच्या बाजूंवरच. त्या पुसायला स्पिरिट चुकूनही वापरू नका. ७८ च्या रेकॉर्ड लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोरड्या मऊ ब्रशने चराच्या दिशेने धूळ काढा, तेवढं पुरे. उसाचा हंगाम चालू झाला की पाचटाची काजळी घरात येतेच, तेव्हा झाकण बंद ठेवा आणि रेकॉर्ड पाकिटात उभ्या लावा.

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने असल्या रेकॉर्डसाठी मोठं काम केलं आहे. तुमची परवानगी असेल तर आपल्याकडच्या खाँसाहेबांच्या बाजू मी संगणकावर उतरवून ठेवीन.

येत्या रविवारी निमगाव केतकीवरून येतो, कार्ट्रिज मीच बसवून देईन. तोवर प्लेअर भंगारवाल्याला दाखवू नका आणि दुकानदाराला नव्या कार्ट्रिजचे पैसे देऊ नका.

मामींना नमस्कार.

आपला भाचा