मूठ

आमच्या राहुरीच्या घरात चुलीजवळ एक काळे गाडगे असे. दळणाची ज्वारी सुपात घेतली, की आजी एक मूठ त्या गाडग्यात टाकी, क्षणभर डोळे मिटी आणि मग पाखडायला बसे. रविवारी ते दाणे मंदिरात जात. तिला वाचता येत नव्हते. प्रार्थनेचे शब्दही तिच्यापाशी फारसे नव्हते. तिची उपासना ती एवढीच.

१९७२ चा दुष्काळ आईने पाहिलेला. मला तो तिच्या तोंडून ठाऊक. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि रेशनवर तांबडी मिलो मिळे. तिच्यातलीही मूठ गाडग्यात पडू लागली, तेव्हा आजोबा कळवळून म्हणाले, "अगं, पोरं उपाशी निजत्यात. देवाला कळतंया समदं."

आजी म्हणाली, "त्याला कळतंया. पर मला इसर पडंल ना!"

त्या दिवसापासून मूठ लहान झाली, चिमटीएवढी झाली. पण चुकली नाही.

मी पुढे मास्तर झालो, कादंबऱ्या लिहू लागलो. २०१९ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या निधनाला शंभर वर्षे झाली, तेव्हा मलाही बोलायला उभे केले. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या माउलीच्या मनात जे उमलले, ते संसाराच्या रगाड्यातच उमलले, असे मी रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या. रात्री घरी आलो, तो आईने उशाशी बसायला खुणावले. "उद्या बसतो," म्हणून मी खोलीत गेलो.

पुढे आईची स्मृती गेली. मला ती परका समजू लागली. एके सकाळी बायकोने कणकेसाठी डबा उघडला होता. आई भिंत धरीत आली, मूठभर पीठ घेतले, आणि ते कुठे टाकावे हे न उमजून तशीच उभी राहिली. गाडगे केव्हाच फुटले होते. दुसरे आणावे, हे मला कधी सुचले नव्हते. मी ओंजळ पुढे केली. तिने तीत पीठ टाकले आणि डोळे मिटले.

आजीचे बोलणे मला त्या दिवशी कळले. जिला माझे नाव आठवेना, तिच्या हाताला मुठीचा विसर पडला नव्हता.

आई आता नाही. गाडग्याच्या जागी मी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. रोज शाळेला निघण्यापूर्वी त्यात मूठ टाकतो. कधी मन लागते, कधी लक्ष घड्याळाकडे असते. पण मन लागले नाही म्हणून मूठ चुकवीत नाही.

काल शेजारच्या वहिनींकडून दिवाळीच्या फराळाचे ताट आले. नाताळात आमच्या करंज्या त्यांच्याकडे जातील. आलेले ताट रिकामे परत करायचे नाही, ही दोन्ही घरची रीत. देवाकडून रोज येणाऱ्या ताटालाही आजीने तीच लावली होती.