सिएनाचा घोडा देवळात जातो

देवळाच्या दगडी फरशीवर घोड्याच्या टापांचा आवाज कसा होतो, हे मला ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर सिएनाला जाण्याचं माझं एवढंच कारण. नाहीतर माझा आणि घोड्याचा संबंध माथेरानच्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंतचा, आणि तोही मोतद्दाराने लगाम धरलेला. पण इटलीतल्या या डोंगरावरच्या गावात शर्यतीच्या दिवशी घोड्याला देवळात नेऊन पाद्री आशीर्वाद देतो, असं वाचलं होतं, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना.

सिएनाच्या मधोमध ‘काम्पो’ नावाचा चौक आहे. शिंपल्यासारखा पसरट, एका बाजूला उतरता, विटांच्या नऊ पाकळ्यांचा. वर्षातून दोनदा, 2 जुलै आणि 16 ऑगस्टला, या चौकाच्या कडेने पिवळट माती अंथरतात आणि तिच्यावर बिनखोगिराचे दहा घोडे तीन फेऱ्या धावतात. सगळा खेळ दीड मिनिटाच्या आत आटोपतो. याचं नाव पालिओ. दोन्ही शर्यती मरियामातेच्या सणांशी जोडलेल्या, आणि बक्षीस काय, तर तिचं चित्र रंगवलेला एक रेशमी पट्टा! रोख रक्कम नाही, काही नाही. त्या पट्ट्याला गावकरी लाडाने ‘चिंधी’ म्हणतात.

गावात सतरा ‘कोंत्रादा’ आहेत. पुणेकरांना सांगायचं तर पेठा. हंस, बुरूज, लांडगी, कासव अशी त्यांची नावं. प्रत्येकीचं स्वतःचं देऊळ, स्वतःचा तबेला आणि बहुतेकींचं पिढीजात वैर. एका वेळी दहाच पेठा धावतात. बुरूज पेठ 1961 साली जिंकली ती नंतर एकदम 2005 साली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं! तेव्हा पाळण्यात असलेल्या मुलाचे केस पांढरे व्हायला आले असतील. सर्वांत जास्त वर्षं न जिंकलेल्या पेठेला बाकीचे ‘आजीबाई’ म्हणून चिडवतात.

घोडा पेठेला चिठ्ठीने मिळतो. चांगला निघाला तर रस्त्यात रडू येतं, वाईट निघाला तरी येतं. पण तो बदलून मिळत नाही. स्वार मात्र भाड्याचा. बहुतेक स्वार सार्डिनिया बेटावरून येतात, टोपणनावाने ओळखले जातात आणि पैसे घेऊन धावतात. दुसऱ्या पेठांनी स्वाराला पैसे कबूल करणं हाही खेळाचाच भाग. नऊ घोडे दोराआड उभे असतात आणि दहावा मागून येईल तेव्हा शर्यत सुटते. तोवर दोराशी उभे असलेले स्वार एकमेकांच्या कानांशी लागून सौदे करत असतात, आणि सगळं गाव ते उघड्या डोळ्यांनी पाहत असतं.

मी ज्या घरी खोली घेतली होती, तिथले म्हातारबुवा असेच एक जुने स्वार. सार्डिनियाहून आले, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्या पेठेचे झाले. पेठेचं नाव सांगत नाही. कारण पुढे कळेल. त्यांची नात इंग्रजी शिकलेली होती. आमचं सगळं बोलणं तिच्या तोंडून.

सोळा तारखेला सकाळी त्यांनीच मला उठवून काम्पोत नेलं. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक उघडी छत्री आहे. 1348 च्या महामारीतून वाचलेल्या गावाने नवसाने बांधलेली. तिथे आर्चबिशप स्वारांसाठी मिसा करतात. झगझगीत रंगांच्या कपड्यांतले ते ठेंगणे, काटक पुरुष मान खाली घालून उभे होते. मिसा संपताच ते शेवटच्या सरावाला गेले. म्हातारबुवा मागे भिंतीला टेकून होते. त्यांनी क्रुसाची खूण केली, पण पुढे आले नाहीत.

दुपारी पेठेच्या देवळात घोडा आला. आत चिमुकलं देऊळ, माणसं भिंतींना चिकटून उभी, आणि अगदी चिडीचूप. घोडा बुजू नये म्हणून. मग तो आवाज ऐकला. टाप, टाप, आणि मधेच फरशीवर नाल घसरल्याची किरकिर. मोतद्दाराने त्याला वेदीसमोर उभं केलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना वाचली, पवित्र पाणी शिंपडलं आणि घोड्याला म्हणाले, “जा, आणि जिंकून परत ये!” (घोड्याने देवळात लीद टाकली तर शुभशकुन मानतात. आमच्या घोड्याने काही ती कृपा केली नाही.) बाहेर आल्यावर मात्र अशी आरोळी उठली की माझेच कान उभे राहिले.

मला हसू येत होतं, हे कबूल करतो. त्याच वेळी आणखी नऊ देवळांत हेच शब्द म्हटले जात होते. मरियामातेने कुणाचं ऐकायचं? अर्थात परीक्षेच्या दिवशी आपल्याकडेही सगळा वर्ग एकाच गणपतीला नारळ बोलतो, तेव्हा फार हसण्यात अर्थ नव्हता. तरी मी नातीला म्हटलं, “आजोबांना विचार, धावताना ते काय मागायचे?”

म्हातारबुवा बराच वेळ बोलले. नात मध्येच थांबली. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असावी. पण परक्या माणसाला सांगायची तिची पहिलीच वेळ होती.

“आजोबा म्हणतात, एका वर्षी ते दुसऱ्या एका पेठेसाठी धावले. घोडा उत्तम होता. आदल्या रात्री त्या पेठेच्या वैऱ्यांनी पैसे कबूल केले; न जिंकण्याचे. आजोबांनी घेतले. घरी बहिणीचं लग्न होतं. सकाळी मिसा झाली, दुपारी घोडा देवळात नेला, पाद्रीबाबा म्हणाले, जा, जिंकून ये. तेव्हा आजोबांनी प्रार्थना केली की घोडा आपणहून मागे पडू दे. म्हणजे मला लगाम ओढायला नको.”

“मग?”

“घोडा मागे पडेना. सान मार्तिनोच्या वळणावर सगळ्यांच्या पुढे होता. मग त्यांनी ओढला.”

सान मार्तिनो म्हणजे उताराचं काटकोनी वळण. भिंतीला गाद्या बांधलेल्या असतात. तिथे घोडे आणि स्वार पडतात, काही घोडे दगावलेही आहेत. प्राणिमित्रांचा या शर्यतीला विरोध आहे तो उगीच नाही.

“नंतर कबुली दिलीत?” मी विचारलं.

“दिली. पाद्रीबाबांनी क्षमा दिली. पण घोड्याकडे कबुली कशी देणार, असं विचारतात.”

त्यानंतर ते सहा वर्षं धावले. जिंकायचं मागणं सोडलं का, या माझ्या प्रश्नाला ते चिडलेच. का सोडायचं? जिंकायला तर आले होते! दर वेळी मागितलं. फक्त त्याआधी घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, तुझा लगाम मी ओढणार नाही. मग जिंकले का? नाही. एकदाही नाही.

पालिओत स्वार पडला तरी घोडा पहिला आला की पेठ जिंकते. रेमोरेक्स नावाचा घोडा असा पाठीवर कुणी नसताना दोनदा जिंकला, ऑक्टोबर 2018 मध्ये कासवासाठी आणि ऑगस्ट 2019 मध्ये अरण्य पेठेसाठी. त्याचं नाव काढताच म्हातारबुवा पहिल्यांदा मोकळे हसले. मी त्यांना आमच्या आषाढी वारीतलं रिंगण सांगितलं. माउलींचा घोडा रिकाम्या पाठीने धावतो, कारण त्यावर स्वतः माउली बसलेले असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा. आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. नातीने सांगितलं ते त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “तिथे हरतो कोण?” मी म्हटलं, कुणीच नाही. ते काही त्यांना फारसं पटलं नाही.

संध्याकाळी शर्यतीला ते आले नाहीत. मी गर्दीत चेंगरून धूळ, रंग आणि किंकाळ्या एवढंच पाहिलं. आमचा घोडा दुसरा आला. सिएनात याहून वाईट काही नाही. दुसरा तो खरा हरलेला. जिंकलेली पेठ पट्टा उंचावत कथेड्रलकडे उपकारस्तुती गायला निघाली आणि आमच्या गल्लीत दारं लागली.

तबेल्याशी म्हातारबुवा उभे होते. निकाल त्यांना घंटांवरूनच कळला असावा. घोडा आला तेव्हा ते खाली बसले, चारही पायांवरून हात फिरवला, गुडघे चाचपले, आणि मोतद्दाराला काहीतरी म्हणाले.

“काय म्हणाले?” मी नातीला विचारलं.

“पाणी आण म्हणाले. फार गार नको.”