गोरेवाड्याची गाडी

नागपूरच्या गोरेवाड्यातली सफारीची गाडी मोठी शिस्तीची. ठरल्या वेळेला निघते, ठरल्या वाटेने जाते आणि आत बसलेल्या कुणालाही खाली पाय ठेवू देत नाही. वाघाच्या हद्दीपाशी पहिलं फाटक उघडतं, ती आत शिरते, मागचं फाटक लागतं आणि मगच पुढचं उघडतं. दोन फाटकांमधलं तिचं हे थांबणं मला फार आवडतं. कलकलाट करणारी पोरं तेवढ्यात गप्प होतात.

आम्हा वणीकरांचं नागपुरातलं प्राणिसंग्रहालय म्हणजे महाराजबाग. १८९४ सालचं, सीताबर्डीला लागून. दवाखान्याचा रिपोर्ट मिळायला दुपार होणार असली की तेवढ्यात पोरांना वाघ दाखवायचा, झाडाखाली डबा खायचा आणि संध्याकाळच्या एसटीने वरोऱ्यावरून परत. पोरगं माकडांपाशी अर्धा तास रमलं तरी कुणाची घाई नसायची.

गोरेवाडा पडला शहराच्या कडेला. प्रकल्पाचं क्षेत्र १,९१४ हेक्टर. तिथली इंडियन सफारी २६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. वाघ, बिबट, अस्वल, हरणं-नीलगायी, सगळ्यांच्या हद्दी निराळ्या. एवढं कुणी पायी फिरणार नाही, म्हणून गाडी आली आणि पाहणाऱ्याचा वेळ तिच्या हाती गेला. आधी तिकिटाची रांग, मग आपल्या फेरीची वाट. वाघ दिसला तर चालक थांबवील तेवढा वेळ आपला. तो झुडपाआड झोपलेला असला तर शेपटी बघायची आणि पुढे निघायचं. पुढच्या फेरीचे लोक ताटकळत असतात.

तरीही मी या गाडीच्या बाजूचा आहे. पिंजऱ्यातला वाघ हमखास दिसायचा, कारण बिचाऱ्याला जायला जागाच नव्हती. झुडपाआड झोपण्याची मुभा त्याला मोठ्या जागेतच मिळते. उकणीच्या खाणीच्या बाजूला वाघ फिरतो हे ऐकत वाढणाऱ्या आमच्या पोरांनी तर हे नक्की बघावं, की वाघ आपल्या मर्जीने उठतो आणि माणूस बंद गाडीत बसून त्याची वाट बघतो.

आता तिथे आफ्रिकन सफारीचीही आखणी आहे. ती झाली की गाडीची वाट लांबेल, दिवस तेवढाच राहील, आणि वणीकराचे जाण्यायेण्यातच पाच-सहा तास जातात. तेव्हा लांबून येणाऱ्यांसाठी सकाळच्या फेऱ्यांत काही जागा राखून ठेवाव्यात, वाघापाशी गाडीला जरा जास्त थांबू द्यावं. आणि आपणही गोरेवाडा दवाखान्याच्या कामात उरकू नये. थंडीतला एक अख्खा दिवस काढा, सोमवार टाळा, सकाळची फेरी धरा.