तिसरा सिलिंडर आणि तीस रुपयांचं नेलपॉलिश

मागचा शनिवार आमचा सुप्यात गेला. सुपा म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं ते सुपे वेगळं, ते बारामती तालुक्यात. हे आपलं एमआयडीसी आणि पवनचक्क्यांचं सुपा. एरवी आपण इथे थांबतो ते चहापुरते. आम्ही थांबलो साडेतीन तास.

कारण आमची पद्मिनी. प्रीमियर पद्मिनी, १९९१ची, १०८९ सीसी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही फियाट. मुंबईत हिची शेवटची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी केवढे उसासे टाकले होते! आमच्या घरातली मात्र चालू होती. बाबांनी ती कर्ज काढून घेतली आणि त्यानंतर तिचा प्लग बदलायलासुद्धा कधी दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

आता नोंदणीची मुदत संपत आली होती. जुन्या मोटारींच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,०००. शिवाय फिटनेस, पीयूसी, आरटीओच्या चकरा. घरात ठरलं, भंगारात द्यायची. म्हणजे मी ठरवलं. बाबांना विचारलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. गेली दोनेक वर्षं ते सगळ्यालाच "बरं" म्हणतात. कान कमी झालेत, आणि माणूस गप्प गप्प झालाय. त्यांची एकच इच्छा होती, एकदा ही गाडी घेऊन नगरला आत्याकडे जाऊन यायचं.

तर निघालो. निघायच्या आधी पुण्यात एका गॅरेजला दाखवली होती, कारण गाडी अधूनमधून मिसिंग करत होती. त्यांनी चारही प्लग नवे टाकले, पॉइंट नवे टाकले, कार्बोरेटर उघडून धुतला, आणि जागेवर इंजिन चालवून दाखवलं. एकदम शिलाई मशीन! बिल भरून आलो.

शिरूरला घोड नदीचा पूल ओलांडून नगर जिल्ह्यात शिरलो. नारायणगव्हाणच्या पुढे एका चढाला मी पाय दाबला आणि गाडीने एक आचका दिला. मग दुसरा. मी मागच्या सीटवर ठेवलेल्या स्पीकरवर गाणी ऐकत होतो, मला वाटलं रस्ताच खराब आहे. बाबा शेजारी बसले होते, श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलेलं. ते म्हणाले, "तीनावर चालतेय."

"काय?"

"गाडी. तीन सिलिंडरवर. सीटला कळतंय."

सुपा येईपर्यंत वेग तीसवर आला होता. स्टँडच्या अलीकडे एक गॅरेज दिसलं, तिथे उभी केली. मिस्त्री पंचविशीतला पोरगा. हातात स्कॅनर घेऊन आला, डॅशबोर्डच्या खाली वाकून बघितलं, आणि हसला. "भाऊ, हिला सॉकेटच नाय. आपण कोड बघूनच काम करतो. लई जुनी हाये ही."

त्याचं चूक नाही. आताच्या गाडीत तिसरा सिलिंडर मिस झाला तर कॉम्प्युटर पी०३०३ असा कोड देतो, शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्याला ते कळतं कसं, तर क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरून. प्रत्येक स्फोटाला क्रँकला एक ढकला मिळतो. एक स्फोट चुकला की तेवढ्या अर्ध्या फेरीत क्रँक किंचित रेंगाळतो, आणि ते रेंगाळणं मोजलं जातं. बाबांच्या सीटला हेच कळलं होतं.

मी म्हटलं, कार्बोरेटरच असणार, परत कचरा आला असेल. बाबांनी मान हलवली. "कार्बोरेटर चौघांना मिळून एक आहे. मॅनिफोल्ड एअर खात असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर एकट्याला उपाशी कसा ठेवेल तो?"

मंडळी, मी पोटासाठी बग शोधतो. ज्युनियर पोरांना सांगतो की आधी हद्द ठरवा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि इथे मी सरळ अंदाजपंचे! मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

पायरी एक. इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशनच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढायची. (हाताने काढू नका, पंधरा-वीस हजार व्होल्ट असतात.) पहिली काढली, इंजिन अडखळलं. लावली. दुसरी, तसंच. चौथी, तसंच. तिसरी काढली, काहीही फरक नाही. म्हणजे तिसरा आधीच मेलेला.

पायरी दोन. तिसऱ्याचा प्लग पहिल्यात, पहिल्याचा तिसऱ्यात. पुन्हा चाचणी. मेलेला तिसराच. प्लग निर्दोष.

पायरी तीन. तिसऱ्याला दुसऱ्याची वायर. तरी तिसराच. वायर निर्दोष.

पायरी चार. कॉइलची वायर काढून ठेवली, तिसऱ्याचा प्लग काढला. बाबांनी भोकावर अंगठा दाबला आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. अंगठा फट्दिशी उडाला. कॉम्प्रेशन आहे, व्हॉल्व्ह ठीक, हेड गॅस्केट ठीक.

राहिली डिस्ट्रिब्युटरची कॅप, मिस्त्री लोकांच्या भाषेत डेल्कोचं टोपण. मी काढून मोबाईलच्या टॉर्चने आतून बाहेरून बघितली. काही दिसेना. एव्हाना दिवस मावळला होता, तिकडे पवनचक्क्यांचे लाल दिवे लागले होते. मी टॉर्च आणखी जवळ नेला.

"तो दिवा बंद कर आधी," बाबा म्हणाले. "आणि कॅप लावून चालू कर."

बंद केला. मिस्त्री पोरानेही आपला बल्ब मालवला. अंधारात इंजिन थरथरत होतं, आणि कॅपच्या तिसऱ्या टोकापासून बाजूच्या स्टीलच्या क्लिपपर्यंत एक बारीक निळा धागा सरपटत होता. टिक, टिक, टिक. बाहेरच्या अंगाला केसाएवढी चीर, त्यात कार्बनची रेघ. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या वाटेने पळत होती. "आयला!" पोरगा म्हणाला.

मग गॅरेजमध्ये हे दिसलं का नाही? कारण तिथे भार नव्हता. चढाला आपण पाय दाबतो तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं, दाब वाढतो, आणि दाबाखाली ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढ्या व्होल्टेजला चिरेची वाट सोपी पडते. आणि दर वेळी तिथून ठिणगी गेली की रेघ थोडी आणखी जळून पक्की होते. ३,००० फेऱ्यांना चार सिलिंडर मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या, त्यातल्या पंचवीस आमच्या तिसऱ्याच्या. सुप्यापर्यंत रेघेचा हमरस्ता झाला होता.

नवी कॅप तिथे मिळणं शक्य नव्हतं. बाबा म्हणाले, "रेघ पात्याने खरवडून काढायची, पुसायची, वर नेलपॉलिश. पुण्यापर्यंत जाईल."

त्यामुळे हातभर काळं ऑइल घेऊन मी सुप्याच्या एका बांगड्यांच्या दुकानात उभा राहिलो. ताईंनी विचारलं, "कोणता शेड देऊ?" म्हटलं, कोणताही द्या, फक्त चमकी नको. (चमकीत धातू असला तर तीच वीज वाहून नेईल.) त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि काही न बोलता बिनरंगी बाटली दिली. तीस रुपये.

दोन हात दिले आणि वाळेपर्यंत चहा घेतला. टपरीच्या मागे भिंत होती, रस्त्याचा गोंगाट येत नव्हता. बाबांनी यंत्र कानाला लावलं आणि बोलायला लागले. गाडी पहिल्यांदा घरी आणली तो दिवस, आजीने चाकाखाली ठेवलेलं लिंबू, पॉइंट घासायला त्यांना कोणी शिकवलं... अर्धा तास. मी फक्त "हं" म्हणत होतो.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. कानाच्या तपासणीला आम्ही जातो तेव्हा त्या शांत खोलीत बाबा बहुतेक बरोबर उत्तरं देतात. आणि घरी चार माणसं, टीव्ही, नातवंडं असली की त्यांचे शब्द सुटतात. मी ठरवून टाकलं होतं की ते विसरायला लागलेत, त्यांना कशातच रस उरला नाही. त्यांच्यासमोर बसून त्यांच्याबद्दल निर्णय घ्यायला लागलो होतो. आणि ते "बरं" म्हणत होते, कारण वाक्याचा अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसायचा. भार पडला की सुटतंय, एवढंच. मी एकदाही वायर काढून बघितली नव्हती.

कॅप लावली. चारही सिलिंडर. मिस्त्री पोराने पैसे घेतले नाहीत, उलट अंधारातला व्हिडिओ काढला नाही म्हणून हळहळला. कामरगावचा घाट उतरून रात्री आत्याकडे जेवायला पोचलो. परत आल्यावर नाना पेठेत तीन दुकानं पालथी घालून नवी कॅप मिळवली, पण ती गोष्ट वेगळी.

घाटाच्या अलीकडे मी गाणी बंद केली, गाडी बाजूला घेतली, इंजिन थांबवलं, आणि त्यांच्याकडे तोंड करून विचारलं, "बाबा, खरं सांगा. ही भंगारात द्यायची का?"

"भंगारात?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू रंगाला द्यायची म्हणत होतास."

असो. आरटीओचे १०,००० भरणार आहे. फिटनेसला बाबाच येणार आहेत बरोबर.