घासाचा आग्रह

परंडा तालुक्यातल्या आमच्या घरात माया घासाने मोजतात. पाहुण्याने दुसऱ्यांदा वाढायला नको म्हटलं, तर अम्मीचा चेहरा उतरतो. अशा घरातल्या नऊ वर्षांच्या पुतणीला रक्ताचा कॅन्सर झाला आणि तिने ताटाकडे पाठ फिरवली.

आमच्या भागाला हा आजार नवा नाही. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. भूम आणि परंडा हे दोन्ही तालुके तिच्यात आहेत. पण नोंद रोगाची होते, घरातल्या बादलीची नाही.

बुजुर्ग म्हणत, ‘उलटी होतेय म्हणजे औषध लागू पडतंय.’ मुळीच नाही! केमोमुळे आतड्यातून सुटणारी द्रव्यं मेंदूला उलटीचा इशारा देतात, एवढंच. ऑन्डान्सेट्रॉन तो इशारा अडवतं. मात्र ते उलटी सुरू होण्याची वाट न पाहता केमोच्या अर्धा तास आधी द्यावं लागतं. मात्रा डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवतात. गिळता येत नसेल तर जिभेवर विरघळणारी गोळीही मिळते. एका दवाखान्यात ‘हे होणारच’ म्हणून आमची बोळवण झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलं: उलटी किती वाजता, किती वेळा, रंग कसा, लघवी कधी झाली. त्या कागदावरूनच त्यांनी औषध बदललं.

तरी एक गोष्ट गोळीला पुरून उरली. एस.टी. बार्शीच्या स्टँडात वळली, की पोरीला मळमळू लागे. सुई तर अजून लांब. आधीच्या उलट्या मन लक्षात ठेवतं. म्हणून पहिल्या केमोपासूनच उलटी रोखायची असते. आम्ही वळणाआधी तिला गोष्टीत गुंतवू लागलो.

रमजानात भज्यांच्या तेलाचा वास तिला सोसेना. अम्मीने कढई उचलून शेजारच्या काकूंच्या अंगणात नेली. इफ्तार तिकडे, आणि घरात गार भात नि साखर-मिठाचं पाणी. एक चमचा, दहा मिनिटं थांबून दुसरा. अम्मीला हे रोज्यापेक्षा कठीण गेलं असावं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे उपचार थांबले होते. ‘आता कशाला औषध?’ असं त्याचे नातलग म्हणत. पण त्याची उलटी केमोची नव्हतीच. दुखण्यावरच्या मॉर्फिनने पोट साफ होत नव्हतं, त्याची होती. त्याच्या आईने डॉक्टरांना गाठून पोट साफ होण्याचं औषध मागून घेतलं. मग त्याने बर्फाचा गोळा मागितला. लाल रंगाचा. सगळा चोखला, आणि तो पोटात राहिला.