हिरडीकाठचा सांधा

लग्नसराई जवळ आली की पुढचे दात नीट करून घ्यायला येणाऱ्यांची गर्दी होते. कुणाच्या दातांत फट असते, कुणाचा कोपरा उडालेला असतो, कुणाचा दात लहानपणी तोंडावर आपटल्यामुळे काळा पडलेला असतो. काम झाल्यावर आरसा हातात दिला की बहुतेकजण एकच विचारतात, "डॉक्टर, हे आता किडणार नाही ना?" व्हिनियर किंवा कॅप किडत नाही, कारण ते सिरॅमिक आहे. किडतो तो त्याखालचा दात, आणि कीड आत शिरते ती दोघांच्या सांध्यातून. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो. बहुतेक वेळा तो हिरडीच्या अगदी काठाशी असतो आणि आरशात दिसतही नाही. माझं सगळं कसब मात्र तिथेच पणाला लागतं.

व्हिनियर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा सिरॅमिकचा पापुद्रा. लॅबमधून येतो तेव्हा चिमटीत जरा जास्त दाबला तरी तडकेल असा. साधारण १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य सिनेमातल्या नटनट्यांना असे पापुद्रे लावून देत, पण तेही कवळी धरून ठेवणाऱ्या पावडरीने, शूटिंगपुरते. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक ॲसिड लावलेल्या एनॅमलवर रेझिन घट्ट बसतं हे दाखवून दिलं. पुढे १९८० च्या दशकात सिरॅमिकची आतली बाजूही ॲसिडने खरबरीत करायला लागले, तेव्हा कुठे हे पापुद्रे दातावर कायमचे राहू लागले. खरी पकड एनॅमलची. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे तासलेलं एनॅमल परत येत नाही. म्हणून दात तासताना मी हात राखूनच काम करते.

व्हिनियर चिकटवून जादा सिमेंट काढलं की मी प्रोबचं बारीक टोक दातावरून सिरॅमिकवर नेते आणि परत दातावर आणते. ते कुठेही अडखळता कामा नये. मग प्रत्येक फटीतून फ्लॉस घालते. दोरा सुळकन बाहेर आला तर ठीक. त्याचे धागे सुटले, तर तिथे सिमेंटचा कण राहिलाय असं समजायचं. त्या कणावर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतो आणि हिरडी लाल होऊन सुजते. फोटोत हसू कितीही छान दिसो, सांधा स्वच्छ नसेल तर माझ्या लेखी ते काम अपुरंच.

घरी सोडण्याआधी मी प्रत्येकाला खुर्चीतच ब्रश करायला लावते. नवे दात आहेत म्हणून लोक हौसेने आडवा, जोरात ब्रश घासतात. त्याने हिरडी मागे सरते आणि सांधा उघडा पडतो. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून जागच्या जागी हलवला की पुरे. कोळशाची पेस्ट, खरखरीत मंजन, राखुंडी हे सगळं बंद, कारण त्याने सिरॅमिकची चकाकी उतरते आणि कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण, तर झिजतंच. मिश्री लावणाऱ्या काकू समोर असल्या की मी कॅपचा विषय बाजूला ठेवते. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती हिरडी आणि गाल दोन्ही बिघडवते, हे त्यांना तोंडावर सांगावंच लागतं.

फ्लॉस म्हटलं की उत्तर ठरलेलं, "त्याने दातांत फट पडेल." फट पडत नाही. दोन दातांमधल्या सांध्यापर्यंत ब्रश पोचतच नाही, म्हणून दोरा लागतो. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, असेल तर एका टोकाला ताठ असलेला सुपर फ्लॉस खालून ओवून घ्यायचा. पहिल्यांदा हाताला वळण लागत नाही, म्हणून मी एकदा करून दाखवते आणि एकदा करवून घेते.

हळदीची आणि चहाची भीती लोकांना फार. सिरॅमिकवर त्यांचा डाग सहसा बसत नाही. कॉम्पोझिटवर हळूहळू बसतो. ब्लीचिंग केलं असेल तर मात्र पहिले दोन दिवस दहीभात, इडली, दूध यांवर काढावेत. आणि ब्लीचिंगने कॅपचा रंग बदलत नाही. म्हणून दात उजळायचे असतील तर ते आधी, मग सुमारे दोन आठवडे थांबून व्हिनियर. लग्नाच्या तारखेकडे बोट दाखवून लोक हा क्रम उलटा करायला सांगतात. मी ऐकत नाही.

रात्री झोपेत दात खाणाऱ्यांना नाइट गार्ड घालावाच लागतो. तो गार पाण्याने धुवायचा, कढत पाण्यात वाकडा होतो. सुपारी फोडणं, दोरा दाताने तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं ही कामं पुढच्या दातांना सांगायची नाहीत. पुढे कधी दुसऱ्या दंतवैद्याकडे क्लिनिंगला गेलात, तर व्हिनियर बसवलेत हे आधी सांगा. काही फ्लोराइड जेल आम्लधर्मी असतात आणि त्यांनी सिरॅमिकचा पृष्ठभाग खरबरीत होतो. शिवाय क्लिनिंगच्या अवजाराचं, स्केलरचं, टोक कडेला जोरात लागलं तर सिरॅमिकचा टवका उडू शकतो.

हिरडीतून रक्त आलं की बरेचजण त्या जागी ब्रश फिरवणंच सोडतात. तसं करू नका. रक्त येतं ते बहुधा तिथे प्लाक साचल्यामुळे, म्हणून तिथेच हलक्या हाताने, नेमाने साफ करत राहा. आठवड्याभरात थांबलं नाही तर सहा महिन्यांच्या तपासणीची वाट न बघता या. सांध्याशी काही राहिलं असेल तर ते शोधून काढणं माझं काम आहे.